गोल्फ कोर्स शहराने घ्यावा का? समितीतलं माझं एक वर्ष

मी गोल्फ खेळत नाही. कधी काठी हातात धरली नाही, आताही धरत नाही, तरी गेलं अख्खं वर्ष डोक्यात गोल्फ कोर्सशिवाय दुसरं काही नव्हतं. आता सगळं उरकल्यावर वाटलं लिहून काढावं, कारण असा प्रश्न कुठल्याही शहरापुढे कधीही येऊ शकतो आणि तेव्हा नेमकं काय बघायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही ठेचा खात शिकलो.

झालं असं की आमच्या शहराच्या कडेला १८ होलचा, म्हणजे बॉल मारत नेऊन टाकायच्या १८ खड्ड्यांचा, एक सार्वजनिक कोर्स आहे. सार्वजनिक म्हणजे क्लब नाही, मेंबरशिप नाही, पैसे भरा आणि खेळा. जमीन मात्र शहराची नव्हती, एका प्रादेशिक संस्थेची होती, आणि चालवायला एका खासगी ऑपरेटरला लीजवर दिलेली. लीज संपत आलं, ऑपरेटर म्हणाला मला पुढे नको, आणि त्या संस्थेने शहराला पत्र पाठवलं की आम्हालाही हे सांभाळायचं नाही, तुम्ही घेणार असाल तर जमीन जवळपास फुकट देतो, नाहीतर आम्ही आमचा मार्ग बघतो. "आमचा मार्ग" म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. कौन्सिलने मग नागरिकांची समिती नेमायचं ठरवलं, ११ जण, त्यात खेळणारे किती, न खेळणारे किती, शेजारी राहणारे किती हे आधीच ठरवून. मी कुंपणालगतच्या रस्त्यावरून रोज चालायला जाते आणि पेशाने हिशेबनीस आहे. अर्ज केला, निवड झाली.

समितीत गेले तेव्हा माझं मत पक्कं होतं: घेऊ नये. दीडशे एकर जमीन, म्हणजे साधारण ६० हेक्टर, थोड्या लोकांच्या खेळासाठी सगळ्यांनी का पोसायची? पहिल्या मीटिंगच्या आदल्या रात्री मी हिशोबच केला होता, फुटबॉलचं पूर्ण मापाचं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं असतं, म्हणजे दीडशे एकरात अशी ऐंशीच्या वर मैदानं बसतील. तो कागद मी पहिल्या मीटिंगला घेऊन गेले आणि वाचूनही दाखवला. शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ, चाळीस वर्षं तिथे खेळणारे, शांतपणे म्हणाले, ताई, त्या जमिनीतली पस्तीस-चाळीस एकर दरवर्षी पाण्याखाली जाते, तिथे कुठली मैदानं करणार? मला हे माहीतच नव्हतं. रोज कुंपणाच्या बाहेरून चालत होते आणि आत पाणी कुठे साचतं ते कधी बघितलं नव्हतं.

पहिल्या दोन मीटिंग भांडणातच गेल्या. एक बाजू म्हणे श्रीमंतांचा खेळ, दुसरी म्हणे तुम्हाला हिरवळ नकोच आहे. हे थांबलं ते समितीतल्या एका इतिहासाच्या शिक्षिकेमुळे. त्यांनी सांगितलं की अमेरिकेतला पहिला सार्वजनिक गोल्फ कोर्स १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलंड पार्कमध्ये सुरू झाला, सुरुवातीला ९ होलचा, आणि तो आजही सुरू आहे. म्हणजे ज्याला क्लब परवडत नाही त्याच्यासाठी शहराने कोर्स ठेवायचा, ही कल्पनाच सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी आहे.

पण मला जी गोष्ट लागली ती सेंट अँड्र्यूजची. स्कॉटलंडमधलं ते गाव, गोल्फचं माहेरघर म्हणतात त्याला. मला वाटायचं तो कोर्स कुठल्यातरी जुन्या श्रीमंत क्लबचा असणार. तर नाही. समुद्राकाठची ती जमीन गावाची, १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशपने लेखी मान्य केलं होतं की गावकऱ्यांना तिथे गोल्फ आणि फुटबॉल खेळायचा हक्क आहे, आणि त्याच कागदात त्याचा स्वतःचा ससे पाळायचा हक्कही होता. पुढे १७९७ मध्ये गावाची तिजोरी रिकामी झाली आणि कौन्सिलने ती जमीन विकून टाकली, ती सशांच्या व्यापाऱ्यांच्या हातात गेली, सशांनी जमीन पोखरली, आणि खेळणारे आणि ससेवाले यांच्यात कित्येक वर्षं भांडणं आणि कोर्टकज्जे चालले. १८२१ मध्ये गोल्फची आवड असलेल्या एका जमीनदाराने ती विकत घेतली म्हणून खेळ वाचला. आणि मग १८९४ मध्ये संसदेत खास कायदा करून गावाने ती जमीन परत मिळवली. परत! एकदा पैसे नाहीत म्हणून विकलेली जमीन परत यायला ९७ वर्षं लागली आणि वर कायदा करावा लागला. आता १९७४ च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट ती सांभाळतो, आणि सगळ्यात जुन्या ओल्ड कोर्सवर रविवारी एरवी खेळ बंद असतो, लोक फिरायला येतात, मुलं हिरवळीवर पळतात.

त्या रात्री मी मैदानांचा कागद बॅगेतून काढून ठेवला. मत बदललं होतं असं नाही, पण माझा प्रश्न बदलला होता. गोल्फ हवा की नको हा एक प्रश्न, आणि जमीन कुणाची असावी हा वेगळा प्रश्न. आम्ही दोन्ही एकातच कालवत होतो.

मग हिशोब आले. ऑपरेटरने मागच्या दहा वर्षांचे आकडे दिले आणि वरवर बघता कोर्स तोट्यात नव्हता. सन २०२० नंतर तर चांगलाच चालला होता, त्या साथीच्या काळात मोकळ्या हवेतला खेळ म्हणून लोक गोल्फकडे वळले, हे अनेक देशांत झालं. खेळणाऱ्या बाजूचे लोक खूश, म्हणाले बघा, स्वतःच्या पायावर उभा आहे. मी ते आकडे तीन रात्री घेऊन बसले. उत्पन्न बरोबर, पगार बरोबर, खत, डिझेल, वीज, गवत कापायच्या मशीनचं भाडं, सगळं जागच्या जागी. एक ओळ नव्हती. मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेला पैसा. शून्य. दहाही वर्षं शून्य.

हे नीट समजून घ्यायला हवं कारण सगळी मेख इथेच आहे. गोल्फ कोर्स म्हणजे दिसायला गवत, पण निम्मा कोर्स जमिनीखाली असतो. पाण्याचे पाईप, वायरी, व्हॉल्व, ग्रीनखालचा (ग्रीन म्हणजे होलभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ) ड्रेनेज. आणि या प्रत्येकाला वय आहे. कोर्स बांधणारे आर्किटेक्ट जो अंदाज वापरतात त्यात पीव्हीसी पाईपचं आयुष्य १० ते ३० वर्षं, पंप स्टेशनचं १५ ते २०, ग्रीनचं १५ ते ३०, बंकरमधली, म्हणजे मुद्दाम केलेल्या खड्ड्यांतली, वाळू ५ ते ७ वर्षं, गोल्फच्या छोट्या गाड्यांचे डांबरी रस्ते ५ ते १०. आमच्या कोर्सचे पाईप ३५ वर्षांचे. म्हणजे जो नफा दिसत होता तो खरा नफा नव्हताच, झिजलेल्या पाईपचे पैसे कुणी बाजूला ठेवले नव्हते म्हणून ती बाकी नफ्यासारखी दिसत होती. घराला दहा वर्षं हात लावायचा नाही आणि म्हणायचं बघा किती बचत झाली, तसं. यात ऑपरेटरला मी पूर्ण दोष देत नाही, लीजमध्येच मोठी दुरुस्ती कुणाची हे गुळमुळीत लिहिलेलं होतं, मालक म्हणे चालवणाऱ्याची, चालवणारा म्हणे मालकाची, आणि दोघांच्या मध्ये पाईप म्हातारे होत गेले.

आकडे मला कळत होते पण पाईप कळत नव्हते, म्हणून मी कोर्सच्या सुपरिटेंडेंटना विचारलं की एक सकाळ तुमच्याबरोबर फिरू का. सुपरिटेंडेंट म्हणजे गवत, माती, पाणी सगळं बघणारा माणूस. ते म्हणाले पहाटे पाचला या. गेले.

ती सकाळ मी विसरणार नाही. अंधारच होता, गवतावर दव, आणि चार माणसं न बोलता आपापल्या कामाला लागलेली. ग्रीनचं गवत साधारण तीन मिलिमीटरवर कापतात, तीन मिलिमीटर, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल तेवढंच. इतक्या बुटक्या गवताला मुळं धरून जिवंत ठेवायचं, वरून दिवसभर माणसं चालणार, उन्हाळ्यात एक दुपार पाणी चुकलं तरी जळणार. दीडशे एकरात ग्रीन सगळे मिळून जेमतेम तीन एकर, पण सगळी मेहनत त्या तीन एकरावर. त्यांनी एका ग्रीनमधून नळीने मातीचा नमुना काढून दाखवला, पेन्सिलीएवढा लांब, आणि त्यात थर दिसत होते, वाळू, मग मेलेल्या मुळांचा स्पंजसारखा थर, मग परत वाळू, आणि खाली एक काळा पट्टा ज्याला कुजल्यासारखा वास. म्हणाले हा काळा थर म्हणजे पाणी खाली जात नाही, हवा नाही, मुळं इथून पुढे जाणार नाहीत. वरून बघणाऱ्याला हिरवंगार दिसतं. नियमाने केलेल्या ग्रीनखाली तीसेक सेंटीमीटर वाळूचा थर, त्याच्याखाली खडी आणि ड्रेन पाईप असतात, आमच्याकडे अर्धे ग्रीन त्याच्याही आधीच्या पद्धतीचे, नुसती माती ढकलून उंच केलेले.

मग पंप हाऊस. दोन पंप, एक बंद. त्याचे सुटे भाग काढून दुसरा चालू ठेवलेला. एका ड्रॉवरमध्ये पाईप फुटल्यावर वरून बसवायचे क्लॅम्प, वेगवेगळ्या मापांचे, ड्रॉवर गच्च भरलेला. मी विचारलं महिन्याला किती लागतात, त्यांनी उत्तर न देता खालचा ड्रॉवर उघडला, तोही भरलेला. आणि पाईप नेमके कुठून जातात त्याचा नकाशा? भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद होता, त्यावर पेनाने केलेल्या खुणा, आणि बाकीचं म्हणाले माझ्या डोक्यात आहे. ते दोन वर्षांनी रिटायर होणार. मी हिशेबनीस आहे, मला एकदम लक्षात आलं की आपण जी मालमत्ता घ्यायची की नाही ते ठरवतोय तिची यादीच कुठे लिहिलेली नाही, ती एका माणसाच्या आठवणीत आहे, आणि त्या माणसाला समितीने अजून एकदाही बोलावलं नव्हतं. पुढच्या मीटिंगला मी पहिलं काम ते केलं. त्यांना बोलावलं, आणि शहराच्या दोन इंजिनिअर मुलींना त्यांच्याबरोबर आठ दिवस पाठवून प्रत्येक व्हॉल्वची जागा जीपीएसने नोंदवून घेतली. घेणार असू किंवा नसू, हा नकाशा हवाच होता.

पाण्याचा दुसरा भाग तर कुणाच्याच मनात नव्हता. कोर्स शहराच्या सखल भागात आहे, वरच्या तीन वस्त्यांचं पावसाचं पाणी ओढ्याने तिथेच येतं, पसरतं, आणि हळूहळू जिरतं. ही सेवा तो कोर्स इतकी वर्षं फुकट करत होता. समितीत एक जलतज्ज्ञ होते, त्यांनी भिंतीवर नकाशा लावला आणि विचारलं की ही जमीन विकली गेली, वर काँक्रीट आलं, तर हे पाणी जाणार कुठे? खोलीत शांतता. त्यांनीच उलट बाजूचं उदाहरणही दिलं, अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या हायावाथा कोर्सचं. दलदल भरून केलेला कोर्स, शहराच्या पार्क बोर्डाच्याच मालकीचा, २०१४ मध्ये पुराने बुडाला आणि मग तपासात कळलं की कोर्स कोरडा ठेवायला जमिनीतलं पाणी परवान्यापेक्षा कितीतरी पट जास्त उपसलं जात होतं, शेजारच्या तळ्यात सोडायचं आणि ते पाझरून परत यायचं. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला, कारण कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पिढ्यांच्या आठवणी त्या कोर्सशी जोडलेल्या आहेत आणि लोक सहज सोडायला तयार नव्हते, बरोबरच आहे. शेवटी २०२२ मध्ये बोर्डाने आराखडा मंजूर केला, १८ ऐवजी ९ होल आणि बाकी जागा पाण्याला. मला या उदाहरणाने खूप आधार दिला. ठेवा किंवा काढा यांच्यामध्येही काही असू शकतं हे पहिल्यांदा दिसलं.

मातीची तपासणी हा अजून एक विषय, आणि जे कुणी अशा प्रक्रियेत असतील त्यांनी हे सोडू नये. जुन्या कोर्सवर पूर्वी बुरशीसाठी पाऱ्याची औषधं मारायचे, किडीसाठी शिसं आणि आर्सेनिकवाली. ती माती वर्षानुवर्षं धरून ठेवते. औषधं कालवायची शेड, जुनी डिझेलची टाकी पुरलेली जागा, जुने ग्रीन, इथले नमुने लॅबला द्यायलाच हवेत, आणि करार सही व्हायच्या आधी, नंतर नाही. आमच्याकडे शेडच्या मागे एका पट्ट्यात प्रमाण जास्त निघालं. जमीन देणारी संस्था म्हणाली जशी आहे तशी घ्या. मी म्हटलं मग ती फुकट कशी? चार महिने त्या एका वाक्यावर गेले, आमच्या वकील बाई हटल्या नाहीत, शेवटी सफाईचा खर्च देणाऱ्याने करायचा असं ठरलं.

आणि न घेतला तर काय, यावर आम्ही सगळ्यात कमी वेळ दिला याचं मला वाईट वाटतं. बंद करणं फुकट असतं असं लोकांना वाटतं. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पार्क हिल नावाचा १५५ एकरांचा कोर्स २०१८ मध्ये बंद पडला. जमीन बिल्डरकडे गेली, पण त्यावर मोकळी जागा राखण्याची कायदेशीर अट होती, ती उठवायची का यावर २०२३ मध्ये मतदान झालं आणि मतदारांनी नाही म्हटलं. दोन वर्षांनी शहराने दुसरी जमीन देऊन ती बदल्यात घेतली, पार्क करायला. म्हणजे सात वर्षं ती जागा धड ना खेळाची ना राहायची. कुंपणाआड रान वाढतं, आणि शेजारी राहणाऱ्याला रोज ते बघावं लागतं. मी शेजारी राहते म्हणून सांगते.

जाहीर सुनावणी. दोन मिनिटं प्रत्येकाला, आणि साडेचार तास चालली. खेळणारे बोलले, पक्षी बघणाऱ्या एक बाई बोलल्या, शाळेच्या टीममधली चौदा वर्षांची एक मुलगी बोलली, तिचे हात थरथरत होते पण वाक्य स्पष्ट, की तिच्या घरात कुणी खेळत नाही, उन्हाळ्यात बॉल गोळा करायच्या कामावर लागली तिथून शिकली, आणि हा कोर्स गेला तर सगळ्यात जवळचा दुसरा कोर्स क्लबचा आहे जिथे तिला गेटमधूनच आत सोडणार नाहीत. त्यावर टाळ्या पडल्या.

पण मला रात्रभर झोप लागू दिली नाही ती एका तरुण बापाने. तो म्हणाला, मी या शहराची बस चालवतो आणि या शहरात राहू शकत नाही, रोज दीड तास येतो, दीड तास जातो, माझ्या मुलीला मी झोपलेलीच बघतो, आणि तुम्ही मला सांगताय की दीडशे एकर गवत ठेवण्यासाठी शहराकडे पैसे आहेत. टाळ्या पडल्या नाहीत. लोक खाली बघत होते. मी पण. त्याच्या म्हणण्यात चूक काय होती? काहीच नव्हती. घरांचा मुद्दा हा या सगळ्यातला सगळ्यात खरा मुद्दा आहे आणि हिरवळीच्या बाजूच्या लोकांनी, ज्यात शेवटी मी पण आले, तो झटकून टाकला तर ते अन्यायाचं होईल. सखल जमिनीवर घरं नको हे बरोबर, पुरात राहायला आपण कुणाला पाठवू नये. पण सगळी जमीन सखल नाही. मुख्य रस्त्याच्या बाजूला प्रॅक्टिस रेंज, म्हणजे पैसे भरून नुसते फटके मारायचा सराव करायची जागा, आणि अर्ध्याहून जास्त रिकामा असणारा पार्किंग लॉट, मिळून अकरा एकर, उंचावर, बस स्टॉपला लागून. दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा पायाने मोजत फिरले आणि संध्याकाळी समितीला मेल टाकला की हे घरांसाठी राखायचं, परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी, आणि तसं हस्तांतराच्या करारातच लिहायचं. यावर खेळणारे चिडले, रेंज हेच कमाईचं साधन आहे म्हणाले, आणि ते खरंच आहे, रेंजवर खर्च कमी आणि पैसा रोजचा. मग रेंज आतल्या बाजूला हलवायची, पण त्यासाठी जागा लागणार, आणि १८ होल ठेवून ती जागा निघत नाही.

तिथून गाडी ९ होलवर आली. कडू होतं ते. फ्लोरिडातल्या विंटर पार्कचं उदाहरण आम्ही बघितलं, शहराचा जुना ९ होलचा कोर्स, २०१६ मध्ये नव्याने करून उघडला आणि तो इतका आवडला लोकांना की गोल्फवाले लांबून बघायला जातात. ९ होल म्हणजे अर्धवट नाही, दोन तासांत खेळून होतं, कामाला जाणाऱ्या माणसाला जमतं. हे सगळं पटतं. पण ते चाळीस वर्षं खेळणारे गृहस्थ, ज्यांनी पहिल्या दिवशी मला पाण्याचं सांगितलं, त्यांनी मतदानाआधी एवढंच म्हटलं की चौदाव्या होलवर त्यांची बायको शेवटची त्यांच्याबरोबर चालली होती. चौदावा पाण्यात जाणाऱ्यांपैकी. आणि त्यांनी ९ होलच्या बाजूने हात वर केला. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. आराखड्यात ओलाव्याच्या जागेतून जी पायवाट आहे ती चौदाव्याच्या ग्रीनवरून जाते, आणि तिथे बाक आहे, एवढं मी करून घेतलं.

समितीने ८ विरुद्ध ३ मतांनी शिफारस केली, शहराने घ्यावा, पण चार अटींवर: सफाई देणाऱ्याने करायची, अकरा एकर घरांना, सखल भाग पाण्याला आणि फिरणाऱ्यांना, आणि प्रत्येक राउंडच्या, म्हणजे एका पूर्ण खेळाच्या, पैशातला ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यात जायचा जो पाईप, पंप, ग्रीन यांच्याशिवाय कशालाही वापरता येणार नाही. चौथी अट माझी. माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण बाकी सगळं केलं आणि ती नसली तर तीस वर्षांनी परत कुणीतरी असंच समितीत बसलेलं असेल आणि परत ड्रॉवर क्लॅम्पने भरलेला असेल.

ऑपरेटरच्या कामगारांचं काय हे आमच्या अहवालात नव्हतं. एका सदस्याने शेवटच्या मीटिंगला विचारलं तेव्हा सगळ्यांना लाज वाटली. त्याच दिवशी घातलं, त्यांना आधी विचारायचं आणि नोकरीची वर्षं धरायची.

कौन्सिलच्या मतदानाच्या पाच दिवस आधी ठरावाचा मसुदा बाहेर आला. सत्तेचाळीस पानं. मी सगळी वाचली, ओळ न ओळ, सवयीने. तेविसाव्या पानावर वेगळ्या खात्याचं वाक्य होतं पण शेवटी चार शब्द वाढले होते, "शक्य असेल त्या वर्षी". कुणी घातले माहीत नाही, कुणावर आरोप करत नाही, बजेट करणाऱ्याला हात मोकळा हवा असतो हे मी समजू शकते. पण शक्य असेल त्या वर्षी म्हणजे कधीच नाही, आणि त्याचा पुरावा आमच्याकडे होता, दहा वर्षांचे दहा शून्य. मी प्रत्येक कौन्सिल सदस्याला वेगळं पत्र लिहिलं, एक पानी, वर ते दहा शून्य ओळीने आणि खाली पंप हाऊसमधल्या ड्रॉवरचा फोटो. मतदानाच्या रात्री दोन मिनिटं मिळाली ती पण त्याच चार शब्दांवर बोलले, गोल्फबद्दल अवाक्षर नाही, पाण्याबद्दल नाही. आवाज चढला माझा. एका सदस्या बाईंनी ते शब्द काढायची दुरुस्ती मांडली, ती एका मताने पास झाली. मग मूळ ठराव, ५ विरुद्ध ४.

बस चालवणारा तो तरुण मागच्या रांगेत उभा होता. बाहेर पडताना मी त्याला गाठलं आणि अकरा एकरांचं सांगितलं. तो म्हणाला किल्ली हातात येईल तेव्हा मानेन. बरोबर आहे त्याचं. घरांचं टेंडर निघायला अजून वेळ आहे, आणि तेही मी बघणार आहे.

हस्तांतर होऊन आता तीन महिने झाले. गेल्या आठवड्यात सुपरिटेंडेंटचा फोन आला, तिसऱ्या होलवर पाईप बदलायला चर खणलाय, बघायला येता का. बूट घालून गेले. दोन फूट खाली तो जुना पाईप उघडा पडलेला, वीस पावलांत सहा क्लॅम्प. त्यांनी एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. अंगठ्याने जरा दाबला आणि तो वाळक्या काडीसारखा मोडला.